कोल्हापुरात वृद्धाश्रम किंवा दिव्यांगांसाठी निवास शोधताना

कोल्हापुरात 'एखादा चांगला आश्रम सांगा हो' असं विचारलं की प्रत्येकाकडे एक नाव तयार असतं. कुणी वाढदिवसाला तिथं जेवण दिलेलं असतं, कुणाच्या तरुण मंडळानं गणपतीत ब्लँकेटं वाटलेली असतात. त्या नावावर विसंबून लोक आईला गाडीत घालून थेट संस्थेच्या दारात जातात आणि ऑफिसात पहिलाच प्रश्न येतो, "आजी स्वतः उठून बाथरूमला जातात का?" उत्तर 'नाही' असलं की बहुतेक ठिकाणी बोलणं तिथंच थांबतं.

यात संस्थेचा दुष्टपणा नसतो. धर्मादाय संस्थेत रात्रपाळीला माणसं मोजकीच असतात आणि अंथरुणावरच्या माणसाला उचलायला दोघं लागतात. म्हणून 'चालतीफिरती, स्वतःचं स्वतः आवरणारी व्यक्ती' ही बऱ्याच वृद्धाश्रमांची अट असते. आज चालताफिरता असलेला माणूस उद्या बाथरूममध्ये पडला आणि खुबा मोडला, तर संस्था त्याला ठेवून घेणार की "घेऊन जा" म्हणून फोन करणार? सगळा शोध या एका प्रश्नाभोवती फिरवा. बाग, भजन, टीव्ही हॉल हे नंतर बघता येतं.

बदली होऊन नव्यानं इथं आलेले, आजरा-चंदगडकडून आईवडिलांना शहरात आणलेले, किंवा स्वतः पुण्यात आणि आईवडील राजारामपुरीत अशी तारांबळ असलेले, अशांसाठी हे लिहितो आहे. घरात दिव्यांग मूल किंवा प्रौढ भावंडं असलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. त्यांचे काही प्रश्न वेगळे आहेत, ते पुढं स्वतंत्रपणे घेतले आहेत.

आधी गरज कागदावर उतरवा

आश्रमांची यादी करण्याआधी त्या माणसाचा एक दिवस, सकाळी उठल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत, कागदावर लिहा. अंथरुणातून उठायला हात लागतो का? अंघोळ कोण घालतं? जेवण स्वतःच्या हातानं होतं की भरवावं लागतं? लघवीवर ताबा आहे का, नळी आहे का, डायपर लागतो का? रात्री किती वेळा उठतात, उठल्यावर भ्रमिष्टासारखं वागतात का, दार उघडून बाहेर जातात का? औषधं किती, इन्सुलिन कोण देतं? हा कागद दोन-तीन दिवस घरातल्या वेगवेगळ्या माणसांकडून भरून घ्या. आईचं रात्रीचं उठणं मुलाला माहीत नसतं, सुनेला माहीत असतं.

कागद भरला की बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की आपल्याला आश्रमाची गरजच नाही. दिवसा आठ तास कुणीतरी हवंय. अशा वेळी ब्युरोची, म्हणजे घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, मावशी किंवा मामा, आठवड्यातून दोनदा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये भिंतीला पकडायला दांडी, एवढ्यावर घर वर्षभर व्यवस्थित चालतं. दांडी बसवायला प्लंबर पुरतो, पण ती नुसत्या टाइलवर न बसवता भिंतीत पक्की बसली पाहिजे. ब्युरोकडून माणूस घेताना त्याच्या आधार कार्डाची प्रत, आधीच्या दोन घरांचे फोन नंबर आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण येणार हे ठरवून घ्या. दिवाळीत मावशी गावी गेली की खरी परीक्षा होते.

काहींना थोड्याच दिवसांची सोय हवी असते. घरात लग्न आहे, सुनेचं ऑपरेशन आहे, मुलगा महिनाभर परदेशी आहे. पंधरा दिवस ते महिनाभर ठेवून घेणाऱ्या संस्था आणि खासगी केअर सेंटर मिळतात, पण हे आधी विचारून ठेवावं लागतं. ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही.

डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार) असलेला, आक्रमक होणारा किंवा गंभीर मानसिक आजार असलेला माणूस साध्या वृद्धाश्रमात टिकत नाही आणि संस्थाही त्याला ठेवून घेत नाहीत. त्यांच्यासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ. सीपीआरमध्ये म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात हा विभाग आहे. दाखल करून उपचार करायचे असतील तर आपल्या भागासाठी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. उपचारानं वागणं स्थिरावलं की मग राहण्याच्या जागेचा विचार करा. आजार लपवून प्रवेश घेतला तर आठवडाभरात माणूस परत घरी येतो आणि त्या संस्थेचं दारही बंद होतं.

ज्यांना ठेवायचं त्यांना विचारा

हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं. 'दोन दिवस फिरायला जाऊ' असं सांगून आणलेली माणसं संस्थांत नेहमी दिसतात. त्यातली काही महिनोन् महिने दाराशी पिशवी घेऊन बसतात. शक्य असेल तर त्यांना सोबत घेऊन दोन जागा दाखवा आणि निवड त्यांच्यावर सोडा.

कागदपत्रं: इथंच सगळे अडकतात

संस्था धर्मादाय असली तरी कागदांशिवाय दार उघडत नाही, आणि सरकारी पेन्शन तर मुळीच नाही. आधार कार्डावर सध्याचा पत्ता, आधारशी जोडलेलं बँक खातं, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, चार-सहा फोटो आणि अलीकडचे वैद्यकीय कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा. दाखले सेतू किंवा महा ई सेवा केंद्रातून निघतात. ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. बँकेत आणि आधार केंद्रात ते जुळत नाहीत, तेव्हा डोळ्यांच्या बुबुळाचा पर्याय मागा.

नव्यानं आलेल्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाची अट रहिवासाची. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या राज्याच्या दोन्ही पेन्शन योजनांना महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य लागतं. कोल्हापूर सीमेला लागून आहे. निपाणी, चिकोडी, बेळगावकडून लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला आलेली कितीतरी म्हातारी माणसं इथं आहेत. बोली तीच, सोयरीक तीच, पण कागद कर्नाटकचे. त्यांनी इथल्या पेन्शनसाठी हेलपाटे मारण्याआधी तिकडची चालू पेन्शन बंद पडणार नाही याची काळजी घ्यावी. घाईनं आधारवरचा पत्ता बदलला की तिकडचंही जातं आणि इकडचंही मिळत नाही. धर्मादाय संस्थेतल्या प्रवेशाला ही अट सहसा नसते, त्यामुळे राहण्याची सोय आणि सरकारी पैसे हे दोन धागे वेगळे ठेवा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, हा दुसरा मोठा टप्पा. अर्ज 'स्वावलंबन' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायचा, रुग्णालय निवडायचं आणि तपासणीला जायचं. शहरातल्या बहुतेकांसाठी ते रुग्णालय म्हणजे सीपीआर. अस्थिव्यंग, कान, डोळे, मानसिक अशा तपासण्यांचे वार वेगवेगळे असतात, म्हणून आधी वार विचारून मगच माणसाला घेऊन जा. व्हीलचेअरवरच्या माणसाला तीनदा दसरा चौकाच्या गर्दीतून आणणं नको. सोबत जुने एक्स-रे, स्कॅन, डिस्चार्ज कार्ड न्या. बहुतेक योजनांचा लाभ ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वावर मिळतो.

हे प्रमाणपत्र ज्येष्ठांनाही मिळतं, हे फार कमी घरांना माहीत असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात पार्किन्सन्स आहे, कायमचं बहिरेपण आहे, दृष्टिदोष आहे. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेल्या माणसाचं मूल्यमापनही हालचालीच्या दिव्यांगत्वाखाली होऊ शकतं. 'वय झालं, आता कसलं सर्टिफिकेट' म्हणून घरात बसवलेल्या आजोबांना कार्ड मिळालं की संजय गांधी योजनेपासून एसटीच्या सवलतीपर्यंत बऱ्याच गोष्टी उघडतात. फक्त ऑपरेशननं बरा होणारा मोतीबिंदू घेऊन तिथं जाऊ नका; आधी ऑपरेशन करा असंच सांगतील.

पैशांची बाजू

६५ वर्षांच्या आतल्या निराधार, विधवा, दिव्यांग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केली आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजारांत वर्ष कुणाचं निघतं, हा प्रश्न रास्त आहे, पण नियम तोच आहे. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्या आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यावर मिळतात. ती चौकशी समाजकल्याण विभागाकडे, विचारे माळ इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवनात करा. दिव्यांगांना व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र देणारी केंद्राची ॲडिप योजना आहे. तिची शिबिरं लागतात तेव्हा युडीआयडी हातात असलेल्यांचं काम पटकन होतं. शिवाय महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. गावात राहत असाल तर ग्रामसभेत हा विषय काढा. ग्रामसेवक स्वतःहून क्वचितच काढतो.

दवाखान्याचा खर्च हा संस्थेत ठेवल्यावरही तुमच्याच अंगावर येतो, म्हणून ७० वर्षं पूर्ण झालेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, आणि दाखल होतानाच भेटा. बिल तयार झाल्यावर गेलं की त्याच्याही हातात फारसं उरत नाही. जागा नाही म्हणून परत पाठवलं तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्या.

कुठं कुठं चौकशी करायची

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी असं या शहराला म्हणतात ते त्यामुळं. परक्या गावच्या पोराला जेवूखाऊ घालून शिकवायची ही सवय इथं अजून आहे. म्हातारपणाच्या बाबतीत मात्र दान धान्याच्या पोत्यापर्यंत आणि पंगतीपर्यंत लवकर पोहोचतं. रात्री दोन वाजता कूस बदलून देणाऱ्या मावशीच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. संस्था चालवणाऱ्या कुणाशीही निवांत बोला, हेच ऐकायला मिळेल.

वृद्धाश्रमांचे ढोबळमानानं तीन प्रकार. पहिला सरकारी अनुदानावर स्वयंसेवी संस्थेनं चालवलेला. तिथं पुरुष ६० आणि स्त्री ५५ वर्षांच्या वर, आणि निराधार असणं अपेक्षित. दुसरा पूर्ण देणगीवर चालणारा. तिसरा महिन्याचं शुल्क घेणारा. ट्रस्ट म्हणून नोंदलेला असला तरी तो प्रत्यक्षात सशुल्कच असतो. 'मातोश्री' या नावानं गोंधळू नका. त्या नावाची राज्याची योजना १९९५ सालची आहे, पण तेच नाव इतरांनीही लावलेलं दिसतं. नावावरून अनुदानित की खासगी हे कळत नाही, विचारावंच लागतं. शहराबाहेर जायची तयारी असेल तर शिरोळ तालुक्यात घोसरवाडचा जानकी वृद्धाश्रम आहे. कागल, हातकणंगले, गडहिंग्लजकडेही चौकशी करा.

शारीरिक दिव्यांगांसाठी कोल्हापूरचं नाव राज्यभर झालं ते हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड या संस्थेमुळं. नसीमा हुरजूक यांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. त्या स्वतः किशोरवयापासून व्हीलचेअरवर. उचगावला संस्थेचं 'घरौंदा' वसतिगृह आहे आणि दिव्यांग व इतर मुलं एकत्र शिकतात असं समर्थ विद्यामंदिर आहे. तिथं एकदा तरी जाऊन या, प्रवेश घ्यायचा नसला तरीही. उतार, दारांची रुंदी, शौचालयाची उंची व्हीलचेअरवरून कशी असायला हवी हे तिथं बघून घरात बदल करता येतात. 'घरौंदा' याच नावाची केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची एक योजनाही आहे, फोनवर चौकशी करताना कशाबद्दल विचारताय ते स्पष्ट सांगा.

बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शेंडा पार्कला चेतना अपंगमती विकास संस्था आहे, अंध मुलांसाठी मिरजकर तिकटीला ज्ञानप्रबोधन भवनची शाळा. जिल्ह्यातल्या बाकीच्या मान्यताप्राप्त विशेष शाळा, वसतिगृहं आणि कर्मशाळांची (दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या केंद्रांची) यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते. ती मागून घ्या. ओळखीतून ऐकलेल्या चार नावांपेक्षा ती लांब असते.

रस्त्यावर, देवळाच्या आवारात किंवा सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) बेवारस म्हातारा माणूस दिसला तर वाट वेगळी. आजारी असेल तर आधी १०८, मग पोलिसांचा ११२. पोलिसांचं पत्र असेल तर संस्थेला ठेवून घेणं सोपं जातं. महापालिका हद्दीत शहरी बेघरांसाठी निवारा केंद्रं आहेत, 'एकटी'सारखी संस्था या कामात आहे. परस्पर गाडीत घालून एखाद्या आश्रमाच्या दारात सोडून येऊ नका.

जागा बघायला जाताना

ठरवून एकदा आणि न सांगता एकदा असं दोनदा जा. न सांगता जायची वेळ संध्याकाळी सहा-सातची बरी. दिवसाचा स्टाफ गेलेला असतो, रात्रीचा आलेला असतो किंवा नसतो. किती माणसांमागं रात्री किती कर्मचारी, हे ऑफिसात विचारा आणि मग तेच एखाद्या मावशीला विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर बरं.

आत शिरल्यावर नाकावर विश्वास ठेवा. फिनेलचा उग्र वास आणि खाली लघवीचा वास असेल तर चादरी वेळेवर बदलत नाहीत. अंथरुणावरच्या माणसांच्या टाचा आणि माकडहाड बघायला मिळालं तर बघा, तिथं जखमा असतील तर कूस बदलली जात नाही. नखं कापलेली आहेत का, पुरुषांची दाढी झाली आहे का, चष्मे ज्याचे त्याच्या डोळ्यांवर आहेत का? कवळी डबीत पडलेली दिसली की समजा, माणूस रोज पातळ भातावर आहे. संडासात दांडी आहे का, कमोड आहे का, दाराला आतून कडी असली तरी बाहेरून उघडते का. जिन्यावरच्या मजल्याला लिफ्ट नसेल तर गुडघे दुखणारा माणूस वर गेल्यावर खाली कधी येणार?

जेवणाबद्दलही बोला. बहुतेक आश्रम शाकाहारी आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण आयुष्यभर रविवारी तांबडा-पांढरा ओरपलेल्या माणसाला हे आधी सांगितलेलं बरं. काही ठिकाणी घरून डबा आणायला परवानगी असते, काही ठिकाणी आवारातच चालत नाही. मधुमेह्याचं पथ्य सांभाळतात का हे विचारताना 'हो' एवढ्यावर थांबू नका, आज मधुमेह्यांच्या ताटात काय होतं ते विचारा.

पावसाळ्याचं गणित कोल्हापूरकराला सांगायला नको, नवख्यांना सांगावं लागतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी त्याच्याही फार वर गेली, शहराचे सखल भाग पाण्यात गेले आणि महामार्ग बंद पडला. त्यामुळे संस्थेला विचारा: त्या दोन्ही वेळी इथं पाणी आलं होतं का, माणसं कुठं हलवली, रस्ता किती दिवस बंद होता? शिरोळ, हातकणंगले किंवा नदीकाठच्या करवीरमधली जागा असेल तर हे आधी विचारायचं. डायलिसिसवर असलेल्या किंवा ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाला जूनमध्येच पाण्याबाहेरच्या बाजूला हलवलेलं बरं.

कायदेशीर बाजूनं दोन कागद मागा. संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणी आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल. दिव्यांगांची संस्था असेल तर २०१६ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्रही हवं. "आमचं सगळं विश्वासावर चालतं" असं उत्तर आलं तर चहा घेऊन उठा.

प्रवेश घेताना काय लिहून घ्यायचं

प्रवेशाच्या फॉर्मवर 'हमीदार' किंवा 'पालक' म्हणून कुणाची सही लागते. ती करणाऱ्याला संस्था रात्री-अपरात्री फोन करणार, म्हणून तो माणूस कोल्हापुरात किंवा तासाभराच्या अंतरावर हवा. अमेरिकेतला मुलगा सही करतो आणि फोन लागत नाही, हे संस्थांचं नेहमीचं गाऱ्हाणं आहे.

महिन्याचं शुल्क किती, त्यात डायपर, औषध, न्हावी, धुणं येतं का? अनामत परत मिळते का, आणि किती दिवसांत? देणगी सक्तीची असेल तर पावती मिळणार का? दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुठल्या, आणि तिथं रात्री थांबणार कोण? माणूस गेला तर कळवणार कुणाला, अंत्यविधी कोण करणार, नेत्रदान-देहदानाची इच्छा असेल तर ती फॉर्मवर नोंदली का? आणि सुरुवातीचाच प्रश्न: अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार का, जास्तीचे पैसे घेऊन ठेवणार का, की परत पाठवणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. कागदावर घ्या.

पहिला महिना चाचणीचा ठरवून घ्या आणि घरातली त्यांची खोली लगेच भाड्यानं देऊ नका.

प्रवेशाच्या बदल्यात घर, शेत, ठेवी संस्थेच्या नावावर करायला कुणी सांगत असेल तर थांबा. तेच घरच्यांबाबत. पोराच्या नावावर सगळं करून दिलं आणि वर्षभरात वळचणीला आले, अशी माणसं वृद्धाश्रमांत भरपूर भेटतात. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'देखभाल करण्याच्या अटीवर' असा स्पष्ट उल्लेख त्यात घाला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्याच आधारावर बक्षीसपत्र रद्द करायला मदत करतं. त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात मुलांकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. वकिलाची गरज नाही, साध्या अर्जावर चालतं. मूलबाळ नसलेल्यांना, ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार आहे अशा नातेवाइकाकडूनही मागता येतो. अर्ज लिहायला कुणी नसेल तर ज्येष्ठांच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ फोन करा, मराठीत बोलतात.

मूल अठराचं झाल्यावर

विशेष शाळा आणि वसतिगृहं साधारण अठरापर्यंत सांभाळतात. पुढं बौद्धिक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी घरी येते तेव्हा आईवडील पन्नाशीला आलेले असतात. 'आमच्या माघारी काय' हा प्रश्न तेव्हा पडतो, पण त्याची तयारी मूल दहा-बारा वर्षांचं असताना सुरू झाली तर बरंच काही हाताशी लागतं. प्रौढांसाठी कायम निवासाच्या जागा फार कमी आहेत, प्रतीक्षायादी लांब असते. मुलाला स्वतः जेवता येणं, शी-शू सांगता येणं, अनोळखी माणसाकडून अंघोळ करून घेणं जमत असेल तर प्रवेशाची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून शाळेत अक्षरांच्या आग्रहापेक्षा या गोष्टींचा आग्रह धरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चार प्रकारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर आई किंवा वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत खातं चालवायला गेलं की हे कळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करायचा असतो. अर्जात आपल्यानंतरचं नावही आत्ताच सुचवून ठेवता येतं का याची समितीकडे चौकशी करा. याच ट्रस्टची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. वयाची अट नाही, आधीच्या आजारामुळं नकार मिळत नाही, वर्षाला भरायची रक्कम काहीशेच आहे. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

पैशांच्या बाजूनं एक गोष्ट शिक्षक, एसटी सोडून इतर सरकारी कर्मचारी आणि जिल्हा परिषदेतल्या लोकांनी लक्षात ठेवावी: कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या मागं कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी अपत्याची नोंद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नोकरीत असतानाच किंवा निवृत्तीच्या कागदांसोबत लावा. नंतर भावंडांना ते सिद्ध करत फिरावं लागतं. आणि घर सगळंच्या सगळं धाकट्याच्या नावावर करून 'तू दादाला बघ' असं तोंडी सांगण्याऐवजी वकिलाकडून मृत्युपत्र करा, जमत असेल तर दिव्यांग अपत्याच्या हितासाठी खासगी ट्रस्ट करा. धाकटा चांगलाच असतो. त्याची परिस्थिती पुढं कशी राहील हे कुणाला माहीत?

ठेवल्यानंतर

पहिले काही आठवडे भेटायला जाताना वार आणि वेळ बदलत जा. जाताना सगळ्यांसाठी फळं नेण्यापेक्षा रात्रपाळीच्या मावशीशी पाच मिनिटं बोला, तिचं नाव माहीत करून घ्या. आईचा मोबाइल चार्ज होतो का, कुणी लावून देतं का ते बघा.

काही खटकलं तर आधी संस्थाचालकांना लेखी द्या. दाद लागली नाही तर वृद्धाश्रमाबाबत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि ट्रस्टच्या कारभाराबाबत धर्मादाय कार्यालयात जा. दिव्यांगांच्या संस्थेबाबतची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाते. मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं असेल तर या रांगेत उभं राहू नका, सरळ ११२.

पेन्शन चालू असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. संस्थेत राहणाऱ्या माणसाचा तो सर्रास राहून जातो, कारण घरच्यांना वाटतं संस्था करेल आणि संस्थेला वाटतं घरचे करतील. प्रवेशाच्या दिवशीच हे काम कुणाचं ते ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.